मधला ठिपका काळा का?

एक बांगडी घ्या. काचेची असो की प्लास्टिकची. अर्धी वाटी पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे पाच-सहा थेंब आणि चमचाभर साखर विरघळवा, बांगडी त्यात बुडवा आणि अलगद बाहेर काढा. गोलात साबणाचा पडदा ताणला गेलेला असेल. आता खिडकीकडे पाठ करून बांगडी उभी धरा. मागे एखादे काळे कापड किंवा अंधारे, उघडे कपाट असले तर उत्तम. हात हलवू नका.

आधी काहीच दिसत नाही, पडदा नुसता पारदर्शक असतो. मग त्यावर गुलाबी आणि हिरवे आडवे पट्टे उमटतात आणि हळूहळू खाली सरकू लागतात. वरच्या बाजूला येणारे पट्टे अधिक रुंद, अधिक गडद. निळा, जांभळट लाल, पिवळा. त्याच्यावर चांदीसारखा पांढरा. आणि सगळ्यात वर, अगदी बांगडीच्या कडेला, काळा.

गेल्या मे महिन्यात सुट्टीला आलेल्या नातवाला मी हे दाखवत होतो. काळा पट्टा दिसताच तो ओरडला, ‘‘आजोबा, वरून फाटला!’’

‘‘फाटला असता तर बाकीचा उरला असता का रे?’’ मी म्हणालो. एवढ्यात पडदा फुटलाच, आणि त्याच्या मते मी हरलो.

त्या काळ्या पट्ट्याविषयी मला लिहायचे आहे. तीस-बत्तीस वर्षे मी भौतिकशास्त्र शिकवले आणि त्यातल्या निदान पंचवीस वर्षांत, दर पावसाळी सत्रात, हा विषय फळ्यावर मांडला. तरी तो काळा रंग माझ्या मनात एका वेगळ्याच कारणाने रुतलेला आहे. त्याकडे मी येईनच.

आधी रंगांचे पाहू. साबणाच्या पडद्याला दोन पृष्ठे असतात, पुढचे आणि मागचे. पडणाऱ्या प्रकाशापैकी थोडासा, शंभरातले जेमतेम दोन भाग, पुढच्या पृष्ठावरून परत फिरतो. तेवढाच मागच्या पृष्ठावरून परततो, पण त्याला पडद्यातून जाऊन येण्याचे अंतर जास्त पडते. डोळ्यापर्यंत पोचतात ते हे दोन परतीचे प्रवासी, एक थोडा पुढे, एक थोडा मागे. प्रकाश ही लाट आहे. दोन लाटा माथ्याला माथा अशा जुळल्या तर उजेड वाढतो. एकीचा माथा दुसरीच्या खळग्यात पडला तर दोघी एकमेकींना मिटवतात. याला शास्त्रात व्यतिकरण म्हणतात. शब्द अवघड आहे, घटना नाही.

आता पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात आणि प्रत्येकाच्या लाटेची लांबी वेगळी. तांबड्याची साधारण ७०० नॅनोमीटर, जांभळ्याची ४००. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) पडद्याची जाडी २०० नॅनोमीटरच्या आसपास असली, तर मागून आलेली हिरवी लाट पुढच्या हिरव्या लाटेला नेमकी मिटवते. हिरवा गेला की मागे उरतात तांबडा आणि निळा, आणि त्या दोघांचे मिळून आपल्याला जांभळट गुलाबी दिसते. पडदा याहून थोडा जाड असेल तर तांबडा मिटेल आणि निळसर हिरवा दिसेल.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण कवींनी आणि पाठ्यपुस्तकांनी मिळून तिचा घोळ करून ठेवला आहे. पावसाळ्यात पेट्रोल पंपाच्या दारात ओल्या डांबरावर तेलाचा तवंग पसरतो, त्याला आपण सर्रास इंद्रधनुष्य म्हणतो. ते इंद्रधनुष्याचे रंग नव्हेत. इंद्रधनुष्यात रंग एकेक सुटा होऊन समोर येतो. तवंगात एखादा रंग नाहीसा होतो आणि बाकीच्यांचे मिश्रण दिसते. म्हणून तिथे किरमिजी असतो, मोरपिशी असतो, आणि यांतला किरमिजी इंद्रधनुष्यात कधी सापडणार नाही. तवंगाच्या रंगांकडे बघताना काय आहे यापेक्षा काय गेले हे विचारावे, म्हणजे ते रंग ओळखीचे होतात.

थोडक्यात, हे रंग साबणाचे नाहीत, तेलाचेही नाहीत. ते जाडीचे आहेत. एका रंगाचा पट्टा म्हणजे एका जाडीचा पट्टा. पाणी खाली ओघळत जाते, पडदा वर पातळ आणि खाली जाड होतो, म्हणून पट्टे आडवे पडतात आणि खाली सरकतात. नकाशावर समान उंचीच्या रेषा काढतात ना, तसेच. खिडकीच्या तावदानाला अशी नक्षी दिसत नाही, कारण त्याच्या जाडीत हजारो लाटा मावतात. एकाच वेळी इतक्या ठिकाणचे रंग मिटतात की उरलेल्यांची बेरीज पुन्हा पांढरीच भासते.

मग काळा? वरच्या टोकाला पडदा इतका पातळ झालेला असतो की त्याची जाडी लाटेच्या मानाने जवळजवळ शून्य. काही वेळा ती पाच नॅनोमीटरपर्यंत उतरते. साबणाच्या रेणूंचे दोन थर आणि मध्ये किंचित पाणी. मागच्या प्रवाशाला जादा अंतर असे काही उरलेलेच नाही. दोघे एकदमच परतणार. म्हणजे माथ्याला माथा जुळायला हवा आणि तिथे सगळ्यात लख्ख उजेड दिसायला हवा. दिसतो काळोख.

याचे उत्तर वाळत घालायच्या दोरीत आहे. दोरीचे एक टोक खुंटीला पक्के बांधा, दुसरे हातात धरून वरच्या दिशेने झटका द्या. एक उंचवटा धावत खुंटीपर्यंत जाईल आणि परत येईल तो उलटा होऊन, खळगा बनून. तेच टोक वर-खाली सहज सरकणाऱ्या कडीला अडकवलेले असेल तर उंचवटा उंचवटाच राहून परततो. हवेतून साबणाच्या पाण्यावर आदळणारा प्रकाश खुंटीला बांधलेल्या दोरीसारखा वागतो, उलटा होऊन परततो. पाण्यातून मागच्या हवेच्या सीमेवर आदळणारा सुलटाच परततो. जाडी शून्यावर आली की एक उलटी लाट आणि एक सुलटी लाट एकाच वेळी डोळ्याकडे निघतात आणि जागच्या जागी एकमेकींना संपवतात. वर्गात एखादा चुणचुणीत मुलगा याचे आणखी सोपे उत्तर द्यायचा: ‘‘सर, पडदा शून्य जाडीचा म्हणजे पडदा नाहीच. मग त्याच्यावरून उजेड परत येईल कशाला?’’ अगदी बरोबर. पण हे सुचायला आधी उत्तर माहीत असावे लागते.

हे रंग पहिल्यांदा नीट निरखले ते रॉबर्ट हूक यांनी. त्यांच्या १६६५च्या ‘मायक्रोग्राफिया’त अभ्रकाचे पापुद्रे आहेत, एकमेकांवर दाबलेल्या काचा आहेत, साबणाचे फुगे आहेत. रंग पापुद्र्याच्या जाडीवर अवलंबून आहे हे त्यांनी ओळखले. मात्र ती जाडी मोजायची कशी हे त्यांना सापडले नाही. अभ्रकाचा रंगीत पापुद्रा केसाच्या काही शतांश जाडीचा. तो कोणत्या पट्टीने मोजायचा?

आयझॅक न्यूटन यांनी पापुद्रा मोजलाच नाही. त्यांनी दोन मोठ्या दुर्बिणींची भिंगे घेतली. एक पन्नास फुटी दुर्बिणीचे, दोन्ही बाजूंनी फुगीर, पण इतके किंचित की हाताला सपाटच लागावे. त्याच्यावर चौदा फुटी दुर्बिणीच्या भिंगाची सपाट बाजू टेकवली. दोन्ही काचा मध्यभागी टेकल्या आणि भोवती हवेची एक फट राहिली, मध्यापासून दूर जावे तशी सावकाश रुंदावणारी. हा झाला हवेचाच पापुद्रा. आणि त्याची जाडी मोजायची गरज नव्हती. भिंगाचा गोलावा माहीत असला की मध्यापासूनच्या अंतरावरून ती काढता येते. पन्नास फुटी भिंगाच्या बाबतीत मध्यापासून एक सेंटीमीटर अंतरावर ती फट मिलिमीटरच्या सुमारे तीनशेव्या भागाइतकी भरते. जे अंतर मोजणे अशक्य ते त्यांनी साध्या पट्टीच्या आवाक्यात आणून ठेवले. मला विचाराल तर साऱ्या प्रकाशशास्त्रात याहून चतुर युक्ती नाही.

त्या फटीत रंगीत वलये दिसतात. मध्यभागी काळा ठिपका, भोवती एकाआड एक उजळ आणि काळी वलये. न्यूटन यांनी त्यांचे व्यास मोजले. उजळ वलयांच्या व्यासांचे वर्ग १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांच्या प्रमाणात निघाले, काळ्यांचे २, ४, ६ अशा सम संख्यांच्या. मध्यातला काळा ठिपका सोडला तर पहिल्या काळ्या वलयाखालची हवेची जाडी त्यांनी इंचाचा ८९,०००वा भाग अशी काढली. आजच्या मापात हे २८५ नॅनोमीटर होतात. दुप्पट करा: ५७० नॅनोमीटर. ही पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी आहे. फटीत पाणी सोडल्यावर वलये आक्रसली, आणि जाडी सुमारे तीन-चतुर्थांश झाली. पाण्याच्या अपवर्तनांकाशी जुळेल अशीच.

म्हणजे प्रकाशाची लाट किती लांब, हे न्यूटन यांच्या टेबलावर लिहून पडलेले होते. त्यांनी ते वाचले नाही. प्रकाश हा कणांचा मारा आहे असे त्यांचे मत होते. पण मग ठरावीक अंतराने उजेड-काळोख, उजेड-काळोख हे कशाने? त्यांनी असे मांडले की पृष्ठातून शिरणाऱ्या किरणाला आळीपाळीने लहरी येतात, कधी सहज परतण्याची, कधी सहज आरपार जाण्याची. (मराठीत ‘लहर’ शब्द दोन्ही अर्थांनी चालतो ही गंमत, न्यूटन यांना हव्या होत्या त्या मर्जीच्या लहरी, पाण्यावरच्या नव्हेत.) या लहरी का येतात ते त्यांनी सांगितले नाही. हूक १७०३मध्ये वारले आणि ‘ऑप्टिक्स’ हा ग्रंथ १७०४मध्ये बाहेर आला. जवळजवळ शंभर वर्षे त्याच्याविरुद्ध बोलण्याची फार कोणाची छाती नव्हती.

१८०१च्या नोव्हेंबरात लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे थॉमस यंग या डॉक्टरने व्याख्यान दिले. वय अठ्ठावीस. प्रकाश ही लाट आहे असे त्याचे म्हणणे, आणि त्यासाठी त्याने आकडे कुठून आणले? न्यूटनच्याच ग्रंथातून. वलयांखालच्या जाड्या घेतल्या आणि त्यावरून प्रत्येक रंगाच्या लाटेची लांबी काढली. तांबड्याच्या टोकाला इंचाचा सुमारे ३७,६००वा भाग, जांभळ्याच्या टोकाला सुमारे ६०,०००वा. आजही यात फार दुरुस्ती करावी लागत नाही. ज्याचे मत खोडायचे त्याच्याच मोजमापावर इतका विश्वास टाकता येणे ही साधी गोष्ट नव्हे. न्यूटन यांनी आपल्या मताच्या सोयीसाठी एखादे वलय इकडचे तिकडे केले असते, तर यंगच्या हाती काहीच लागले नसते.

यंगने मधल्या ठिपक्याचाही छडा लावला. परतताना एक लाट उलटी होते आणि एक होत नाही म्हणून तो काळा, असे असेल तर दोघींना एकसारखेच वागायला लावू, म्हणजे तो उजळ होईल. त्याने एका बाजूला क्राउन काच घेतली, दुसऱ्या बाजूला तिच्याहून जड फ्लिंट काच, आणि मधल्या फटीत ससाफ्रासचे तेल भरले. ससाफ्रास हे अमेरिकेतले झाड, त्याच्या मुळाच्या सालीचे हे तेल. त्याचा अपवर्तनांक दोन काचांच्या मधोमध बसतो. आता दोन्ही सीमा एकाच जातीच्या झाल्या. मधला ठिपका पांढरा झाला.

हीच मांडणी आज तुमच्या चष्म्यावर असण्याची शक्यता आहे. काचेवर तिच्याहून कमी अपवर्तनांकाचा थर दिला की दोन्ही लाटा सारख्याच उलटतात. मग थराची जाडी लाटेच्या पाव भागाइतकी ठेवली की त्या एकमेकींना मिटवतात. मॅग्नेशियम फ्लुओराइडचा असा थर साधारण १०० नॅनोमीटरचा असतो आणि काचेवरून परतणारा चार टक्के उजेड त्याने दीडच्याही खाली येतो. १९३८मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कॅथरिन ब्लॉजेट यांनी साबणाचीच भावंडे म्हणावीत अशा बेरियम स्टिअरेटचे एकावर एक ४४ थर काचेवर चढवले, आणि वर्तमानपत्रांनी तिला ‘अदृश्य काच’ म्हटले. एकेक थर सुमारे अडीच नॅनोमीटरचा. अशा थरांच्या पायऱ्या करून त्यांनी एक रंगपट्टीही बनवली. अनोळखी पापुद्रा तिच्याशेजारी धरायचा, रंग जुळवायचा, जाडी वाचायची. हूक यांना हवी होती ती पट्टी हीच. मिटलेला उजेड जातो कुठे, असे इथे हमखास विचारतात. तो नष्ट होत नाही. जितका परतत नाही तितका काचेतून पुढे जातो. न्यूटन यांची वलये काचेच्या पलीकडून पाहिली तर मधला ठिपका उजळ दिसतो, हेही त्यांनी लिहून ठेवले आहे.

आता माझे कारण. १९८७ सालची गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी नुकताच कायम झालो होतो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला ‘न्यूटनची वलये’ हे प्रॅक्टिकल असते. सोडियमचा दिवा, पंचेचाळीस अंशांत तिरकी काच, खाली सपाट काचेवर ठेवलेले भिंग, वर ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप. दहाव्या वलयाचा व्यास पाच मिलिमीटरच्या आत. व्हर्नियर वाचता वाचता डोळ्यांना पाणी येते. एक मुलगी, रोज एसटीने दीड तास प्रवास करून येणारी, माझ्या टेबलाशी आली.

‘‘सर, मधला ठिपका उजळ दिसतोय.’’

मी दुसऱ्या बॅचच्या जर्नलांवर सह्या करत होतो. मान वर न करता म्हणालो, ‘‘केंद्र काळंच असतं. पुन्हा बघ.’’

ती गेली, परत आली. ‘‘पुन्हा पाहिलं सर. पिवळाच आहे.’’

‘‘पुस्तकात काय दिलंय? परीक्षक मार्क कापतील. खोड ते.’’

तिने ‘ब्राइट’ शब्दावर एक सरळ रेघ मारली आणि वर ‘डार्क’ लिहिले. मी सही केली. उत्तर तिचे चोख आले होते. ते येणारच होते, कारण या प्रयोगात दोन वलयांच्या व्यासांच्या वर्गांतला फरक घेतात आणि मध्याचा काळा-पांढरा कारभार वजाबाकीत निघून जातो. मला हे पाठ होते. म्हणजे तिचे निरीक्षण जसेच्या तसे ठेवले असते तरी काही बिघडत नव्हते.

संध्याकाळी प्रयोगशाळा बंद करताना मी तिच्या टेबलावरचा दिवा पुन्हा लावला आणि डोळा भिंगाला लावला. ठिपका पिवळा होता. स्वच्छ, गोल, पिवळा. भिंग उचलून पाहिले तर काचेवर धूळ होती. कणांनी भिंग जरासे उचलून धरले होते. फट शून्य नव्हती, आणि ती पाव, पाऊण, सव्वा तरंगलांबीच्या जवळपास असली की मध्य उजळ दिसणारच. स्पिरिट आणि मलमलीच्या फडक्याने काचा पुसल्या, भिंग ठेवले, कडेने हलके दाबले. मध्यातून एकेक वलय उगवत बाहेर सरकले आणि शेवटी काळा ठिपका आला.

पुढे बऱ्याच वर्षांनी ‘ऑप्टिक्स’ मुळातून वाचले, तेव्हा त्यात हेच सापडले. काचा हळूहळू दाबत नेल्या की मध्यात एकापाठोपाठ एक नवे रंग कसे उगवतात आणि सगळ्यांत शेवटी काळा ठिपका कसा येतो, हे न्यूटन यांनी सुरुवातीच्याच निरीक्षणांत सांगितले आहे. मी ज्या पुस्तकाचा धाक तिला घातला, त्या पुस्तकाच्या आजोबांत तिची बाजू छापलेली होती. दुसऱ्या दिवशी तिला बोलावून सांगावे असे मनात होते. तिची बॅच पुढच्या प्रयोगाला गेली होती, जर्नल सर्टिफाय झाले होते, आणि खरे सांगायचे तर वर्गासमोर ते कबूल करायचे माझ्या जिवावर आले. ती जर्नले तीन वर्षांनी रद्दीत गेली.

त्यानंतरच्या बॅचना मी प्रयोगाच्या आधी धूळ मुद्दाम तशीच ठेवायचो आणि मध्य कसा दिसतो ते प्रत्येकाला स्वतःच्या शब्दांत लिहायला लावायचो. निम्म्याहून अधिक मुले न बघताच ‘डार्क’ लिहीत. ते पुस्तक त्यांना माझ्या आधी कोणी तरी पढवून ठेवलेले असे.

नातवाशी हरलेला वाद मी संध्याकाळी पुन्हा उकरला. साबणाच्या फुग्यावरच्या काळ्या डागांत काहीच नाही असे न्यूटन यांनाही आधी वाटले होते. मग त्यांनी फुग्यावर वारा लागू नये म्हणून काच झाकली आणि अधिक बारकाईने पाहिले, तेव्हा त्या काळ्या डागांतही सूर्याचे किंवा मेणबत्तीचे अगदी अंधूक प्रतिबिंब दिसले. आम्ही मेणबत्तीऐवजी मोबाइलचा टॉर्च घेतला. पंखा बंद केला, दिवा घालवला, बांगडी उभी धरली. काळा पट्टा चांगला बोटभर रुंद होईपर्यंत दोघेही श्वास रोखून होतो. नातवाने टॉर्च वर-खाली केला.

‘‘खाली टॉर्च दिसतोय. वर नाही.’’

‘‘नीट बघ. घाई नाही.’’

तो बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, ‘‘आहे. पण लई बारीक उजेड आहे.’’

मी त्याला तसेच वहीत लिहायला सांगितले.